गुराबेचे माप

मराठी लेखकाला गलबताची ओढ जुनी आहे. ऐतिहासिक कादंबरीत, शाळेच्या क्रमिक पुस्तकात, पोवाड्यात आणि आता रंगीत चित्रांनी सजलेल्या जाड ग्रंथांत गुराबा शिडे फुगवून धावतात, गलबते त्यांना दोर लावून ओढतात, तोफांच्या धुराने आसमंत भरून जातो. हे सर्व वाचून एखाद्या चौकस मुलाने 'गुराब लांबीला किती असे?' एवढेच विचारले, तर वडीलधाऱ्यांना ते पुस्तक मिटून ठेवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. किल्ल्याच्या तटाची जाडी सांगणारे आम्हांस पुष्कळ भेटतात. जहाजाच्या फळीची जाडी सांगणारा क्वचितच भेटतो.

हा प्रश्न आजच काढण्यास कारण आहे. २०२२ साली भारतीय नौदलाच्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती आली. २०२५ साली गोव्यात बांधलेले एक शिवणीचे जहाज नौदलात दाखल झाले. आरमाराविषयीचे कुतूहल वाढले आहे, आणि कुतूहल वाढले की पुस्तके निघतात. येत्या काही वर्षांत ती आणखीही निघतील. त्यांचे स्वागत आम्ही अवश्य करू. तथापि स्वागतापूर्वी कसोटी ठरवून ठेवणे बरे. आमची कसोटी साधी आहे. त्या ग्रंथाच्या आधारे हात चालविता येतो काय? एखाद्या हौशी माणसाने तो ग्रंथ शेजारी उघडा ठेवून हातभर लांबीची प्रतिकृती करावयास घेतली, तर त्याचा हात कोणत्या पानावर अडतो?

प्रतिकृती म्हटली की आपल्याकडे काचेच्या पेटीतील शोभेची वस्तू डोळ्यांपुढे येते. फार तर पोरखेळ. यूरोपातील दर्यावर्दी राष्ट्रांत तिचा मान निराळा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडच्या नौदल मंडळासाठी ज्या प्रतिकृती होत, त्यांत पाण्याखालच्या भागावर फळ्या मुद्दाम ठोकीत नसत, कारण आतल्या फासळ्यांची मांडणी दिसावी हा हेतू असे. माप बहुधा अठ्ठेचाळीसास एक. त्या काळच्या कित्येक जहाजांचा विश्वसनीय पुरावा म्हणून आज याच लाकडी वस्तू संग्रहालयांत उभ्या आहेत. त्यांचे महत्त्व असे की, प्रतिकृती करणाराला विशेषणामागे लपता येत नाही. 'नाळ डौलदार होती' असे लिहून लेखक सुटतो. तीच नाळ लाकडातून काढावयाची तर ती कण्याशी कोणता कोन करते, पाण्याच्या रेषेपासून किती पुढे जाते, हे ठरविल्यावाचून पहिला तुकडाही कापता येत नाही. ग्रंथातील प्रत्येक मौन त्या कारागिराच्या हाती सापडते. या अर्थाने प्रतिकृती ही ग्रंथाची समीक्षाच होय, आणि आमच्यासारख्यांच्या समीक्षेहून कठोर.

या कसोटीस उतरणारे ग्रंथ कसे असतात ते प्रथम पाहू. स्वीडनच्या फ्रेड्रिक हेन्रिक चॅपमन याचा 'आर्किटेक्तुरा नावालिस मेर्कातोरिया' १७६८ साली स्टॉकहोम येथे प्रसिद्ध झाला. त्यात ६२ मोठे आराखडे आहेत आणि मजकूर नावापुरता. विवेचनाचा ग्रंथ त्याने १७७५ मध्ये वेगळा लिहिला. राजाच्या युद्धनौकांपुरते न थांबता त्याने व्यापारी जहाजे आणि साध्या मच्छिमारी होड्याही त्याच काटेकोरपणाने रेखाटल्या. अडीचशे वर्षे लोटली तरी त्या पानांवरून आजही लोक लाकूड कापतात. शब्दांवर आमची उपजीविका असल्यामुळे हे मान्य करताना थोडे जड जाते, पण मान्य करणे प्राप्त आहे.

विसाव्या शतकात या विषयाला जी नवी संपन्नता आली ती बव्हंशी हौशी माणसांमुळे. सी. नेपीन लाँग्रिज हे पेशाने डॉक्टर. त्यांनी नेल्सनच्या 'व्हिक्टरी' या जहाजाची अठ्ठेचाळीसास एक या मापाची प्रतिकृती केली आणि त्या अनुभवातून 'द अ‍ॅनाटमी ऑफ नेल्सन्स शिप्स' हा ग्रंथ १९५५ साली दिला. शरीरशास्त्राचा शब्द शीर्षकात आला आहे तो अगदी यथार्थ आहे. कोणता दोर कोठून निघतो, कोणत्या कप्पीतून जातो आणि कोठे बांधला जातो, हे सारे त्यात शिरा-धमन्यांचे वर्णन करावे तसे आले आहे. मौज अशी की, हा कंटाळवाणा वाटावयास हवा असा मजकूर कंटाळा आणीत नाही. कारण प्रत्येक वाक्यामागे ते काम स्वतः करून पाहिलेला हात जाणवतो. एक लहानशी गोष्ट सांगतो. जहाजी दोराचे माप जाडीने न सांगता घेराने सांगण्याची जुनी रीत आहे. ज्याला हे ठाऊक नाही तो तीन इंची दोर म्हणजे तीन इंच जाड दोर समजतो आणि प्रतिकृतीवर तिप्पट जाड दोर चढवितो. लहान जहाजावर मग दोरांचे जाळे न दिसता वेलीच माजल्यासारखे दिसते. बाजारातील शोभेच्या जहाजांपैकी निम्मी या एका अज्ञानाने विद्रूप झालेली असतात. चांगला ग्रंथ वाचकाला असल्या खड्ड्यांतून वाचवितो.

हॅरल्ड अंडरहिल यांचे 'प्लँक-ऑन-फ्रेम मॉडेल्स' हे दोन खंड १९५८ आणि १९६० साली निघाले. लाँग्रिजांपेक्षाही हे आम्हांस अधिक आवडतात, आणि त्याचे कारण अंडरहिलांची निवड. त्यांनी कोणतेही विख्यात जहाज न घेता १८८० साली नॉर्वेत बांधलेले 'लिओन' नावाचे साधे, दोन डोलकाठ्यांचे मालवाहू जहाज घेतले. ज्याच्या नावाने तोफांची सलामी कधी झाली नाही असे जहाज केवळ नीट मोजले गेल्यामुळे चिरंजीव झाले. फ्रान्सचे जाँ बूद्रियो यांचा चौऱ्याहत्तर तोफांच्या जहाजावरील चार खंडांचा ग्रंथ (१९७३–७७) या परंपरेचा कळस मानला जातो. बूद्रियो स्थापत्यविशारद होते. रानातील ओक वृक्षाच्या वाकड्या फांदीपासून ते खलाशाच्या जेवणापर्यंत त्यांनी काहीही सोडलेले नाही. तरी आमची एक तक्रार आहे. हे जहाज विशिष्ट असे नाही. १७८० च्या सुमाराचा तो एक नमुना आहे. त्यात सर्व काही आहे, पण एका जहाजाचे म्हणून जे वाकडेपण असते, सुताराने ऐनवेळी केलेली जी तडजोड असते, ती नाही. १९८० नंतर इंग्लंडात निघालेल्या 'अ‍ॅनाटमी ऑफ द शिप' मालेतील पुस्तके एकेक नावाचे जहाज घेतात, म्हणून आकाराने लहान असूनही ती कधी कधी अधिक समाधान देतात.

हे सर्व यूरोपाविषयी झाले. आपल्या किनाऱ्याकडे वळताना वाटेत एका फ्रेंच माणसाला नमस्कार करणे आवश्यक आहे. एदमों पारी (१८०६–१८९३) हा फ्रेंच नौदलातील अधिकारी. तरुणपणी पृथ्वीभोवतीच्या तीन सफरींवर असताना, ज्या ज्या बंदरात जहाज लागे तेथील देशी होड्या आणि गलबते तो मोजून काढीत असे. सहकारी किनाऱ्यावर शंखशिंपले आणि वनस्पती गोळा करीत; हा होड्यांच्या फळ्यांना दोरी लावीत बसे. १८४० नंतर लौकरच यूरोपाबाहेरील लोकांच्या जहाजबांधणीवरील त्याचा प्रचंड ग्रंथ पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मस्कतच्या बगल्यापासून चोळमंडळाच्या दोणीपर्यंत सर्व आहे आणि मुंबईची पातमारही आहे. पुढे १८७१ पासून पॅरिसच्या नौका-संग्रहालयाचा तो प्रमुख होता, आणि आपल्याच आराखड्यांवरून त्याने प्रतिकृती करवून घेतल्या. ग्रंथ आणि वस्तू यांचे असे लग्न लावून देणारा दुसरा माणूस आम्हांस आढळलेला नाही.

पारीच्याही थोडे आधी, १८३४ साली, जॉन एडाय या इंग्रज माणसाने मलबार, चोळमंडळ आणि सिंहल येथील देशी जहाजांवर रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला होता. तो त्रिंकोमालीच्या नौदल गोदीतील मुख्य जहाजबांधणीकार. त्याने पातमारीची बांधणी गुराबेच्या धाटणीची म्हणून नोंदविली आहे. हा एक शब्द आम्हांस मोलाचा वाटतो. त्याकडे पुन्हा यावे लागेल. जेम्स हॉर्नेल यांचा भारतीय होड्यांच्या रचनेवरील १९२० चा प्रबंधही याच रांगेत बसतो. सारांश, कोकण-गोव्याच्या मालवाहू आणि मच्छिमारी नौकांची मापे परक्यांच्या ग्रंथांत का होईना, पण आहेत.

आणि आंग्र्यांची गुराब? तिच्याविषयी जे आम्ही सर्वत्र वाचतो ते जवळजवळ सर्व एका उताऱ्यातून आलेले आहे. रॉबर्ट ऑर्म याने हिंदुस्थानातील इंग्रजांच्या लष्करी हालचालींचा इतिहास लिहिला. त्याचा पहिला खंड १७६३ साली निघाला. त्यात तो सांगतो, की गुराबेला बहुधा दोन आणि क्वचित तीन डोलकाठ्या असत. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांहून अधिक नसे. ती उथळ पाण्यात चाले, लांबीच्या मानाने फार रुंद असे, मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाई, आणि पुढे भूमध्य समुद्रातील गॅलीसारखी लांब चोच असे. गलबत म्हणजे त्याच घाटाची वल्ह्यांची मोठी होडी, ७० टनांच्या आतली. उतारा चांगला आहे, डोळसपणे लिहिलेला आहे. पण तेव्हापासून आजवर इंग्रजीत आणि मराठीत जे जे लिहिले गेले त्यात हाच उतारा फिरून फिरून येतो, कधी नाव घेऊन, पुष्कळदा नाव न घेता.

त्या '३०० टन' या आकड्याचे काय होते ते पाहा. त्या शतकातील इंग्रजांची टन मोजण्याची रीत अशी : लांबीतून रुंदीचा तीन-पंचमांश वजा करावयाचा, उरलेल्यास रुंदीने आणि रुंदीच्या निम्म्याने गुणावयाचे, आणि येणाऱ्या संख्येस ९४ ने भागावयाचे. सर्व मापे फुटांत. आता 'लांबीच्या मानाने फार रुंद' म्हणजे लांबी रुंदीच्या तिप्पट धरली, तर ३०० टनांची गुराब सुमारे ८६ फूट लांब आणि २८-२९ फूट रुंद येते. चौपट धरली तर १०२ फूट लांब आणि साडेपंचवीस फूट रुंद. आकडा एकच, जहाजे दोन. एकीच्या कण्याला दुसरीपेक्षा सोळा फूट लाकूड अधिक लागेल. शिवाय या रीतीत खोली मोजली जातच नाही, ती रुंदीच्या निम्मी गृहीत धरली जाते. आणि ऑर्म तर म्हणतो की गुराब उथळ पाण्यात चाले. म्हणजे ज्या गुणामुळे ती खाडीत शिरून इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चकवीत असे, नेमका तोच गुण या आकड्यातून गळून पडतो. आमच्या ग्रंथकारांनी हा आकडा शेकडो वेळा उतरवून घेतला, पण तो सोडवून पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेतलेले दिसत नाहीत.

हे लिहिताना कोणाचे श्रेय नाकारण्याचा आमचा हेतू नाही. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ साली मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर लिहिताना आरमाराला गंभीर विवेचनाचा मान दिला. दा. गो. ढबू यांचे 'कुलाबकर आंग्रे सरखेल' (१९३९) हे कागदपत्रांच्या आधाराने लिहिलेले साक्षेपी पुस्तक आहे. भा. कृ. आपटे यांचा मराठ्यांच्या आरमारावरील आणि व्यापारी जहाजांवरील इंग्रजी ग्रंथ (१९७३) तर या विषयाच्या अभ्यासकाला टाळताच येत नाही. बेळगावहून फार दूर नसलेल्या जगलबेटच्या रानात राहून मनोहर माळगावकरांनी लिहिलेले कान्होजींचे चरित्र (१९५९) अजूनही एका बैठकीत वाचून होते. त्यातील कान्होजी जिवंत आहे. परंतु त्यांचे जहाज? ते वाऱ्याने बनलेले आहे. या सर्व ग्रंथांतून लढाया, तह, कौल, दस्तके, जकाती यांचा उलगडा होतो. ज्या वस्तूवर उभे राहून हे सर्व घडले ती वस्तू पडद्याआड राहते. खर्चाचा हिशेब वाचताना इतिहासकाराचे लक्ष रकमेकडे जाते. प्रतिकृती करणारा तोच कागद हाती घेईल तर सागाचे सोट किती, केवढे, काथ्या किती, राळ किती हे पाहील. आमच्या दप्तरखान्यांतून या दुसऱ्या नजरेने कोणी फिरून आले पाहिजे. बडोदेकर गायकवाडांचेही बिलीमोऱ्यास आरमार होते, हे त्या बाजूच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आमच्याच पूर्वजांना जहाजाच्या रचनेची फिकीर नव्हती असे मात्र कोणी समजू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमारास, आरमाराचे जे प्रकरण आहे ते या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत. आणि वारा नसेल तर ज्यांचा उपयोग नाही अशा थोर बरशा आणि फरगाती बांधल्याच पाहिजेत असे नाही, असा त्यात स्पष्ट अभिप्राय आहे. फरगात म्हणजे पोर्तुगीजांची 'फ्रागाता', इंग्रजांची फ्रिगेट. लाकूड कोठून आणावे, रयतेच्या झाडांना हात लावू नये, हेही तेथे आहे. हा जहाजाच्या रचनेचा विचार आहे, आणि समुद्राकाठच्या अनुभवातून आलेला आहे. वल्ही आणि शीड दोहोंवर चालणारे, उथळ पाण्याचे, मध्यम आकाराचे जहाज हे आमचे धोरण होते. मात्र अमात्य धोरण सांगतात, माप सांगत नाहीत. माप सुताराच्या डोळ्यांत आणि दोरीच्या गाठींत होते. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. इंग्रजांनी ते जाळले आणि पुण्याचे पेशवे त्या मोहिमेत इंग्रजांचे दोस्त होते. त्या आगीत जहाजांबरोबर तो मूर्तिमंत नमुनाही गेला. नकाशा नव्हताच, म्हणून जळालाही नाही.

आता दैवाची गंमत पाहा. ज्या फरगाती अमात्यांना नको होत्या, त्यांपैकी आपल्या किनाऱ्यावर सागवानात बांधलेल्या दोन अद्याप जगाच्या पाठीवर उभ्या आहेत. पहिली 'ट्रिंकोमाली'. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या हाताखाली ती झाली आणि १८१७ च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडात हार्टलपूल येथे आहे. तिच्या नकाशाची कथा आमच्या विषयाच्या दृष्टीने बोधक आहे. लंडनहून निघालेले तिचे आराखडे 'जावा' नावाच्या जहाजावर होते. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने त्या जहाजाचा पाडाव केला आणि आराखडे गेले. लंडनहून दुसरी प्रत आली, आणि काम मार्गी लागले. दुसरी प्रत निघू शकते ती पहिली कोठे तरी जपून ठेवलेली असते म्हणून. या जहाजावर अँड्र्यू लँबर्ट यांचे २००२ सालचे पुस्तक आहे. त्याच्या शीर्षकात तिला नेल्सनची शेवटची फ्रिगेट म्हटले आहे. नेल्सन १८०५ मध्ये ट्रफाल्गारला पडला, जहाज त्यानंतर बारा वर्षांनी तरंगले! घडण नेल्सनच्या काळची, हे खरे. पण साग इकडचा, हात पारशी उस्तादाचा, आणि शीर्षकात मान मात्र त्या दर्यासारंगाला. पुस्तके विकावयाची तर असे करावे लागत असेल.

वाडियांच्या कर्तृत्वावरचा मुख्य ग्रंथ रतनजी अर्देशीर वाडिया यांचा, १९५५ सालचा. कंपनीने दिलेल्या शाली, सनदा, चांदीची मोजपट्टी यांच्या वर्णनांत त्याचा सूर कुलवृत्तान्ताचा होतो. पण त्यातील जहाजांच्या याद्या बहुमोल आहेत. 'मिंडेन', 'कॉर्नवालिस', 'वेलस्ली', नॅव्हरिनोच्या लढाईतील प्रमुख जहाज 'एशिया' हे सारे वैभव तेथे एकत्र भेटते. हाताने काम करणाऱ्या वाचकाला मात्र त्या याद्यांच्या ओळींमध्ये उभे असलेले शेकडो सुतार दिसावेत असे वाटत राहते.

दुसरी फरगात गोमंतकीय वाचकांच्या अधिक जवळची. 'दों फेर्नांदु सेगुंदु ई ग्लोरिया' दमणच्या गोदीत, नगर-हवेलीच्या सागवानातून बांधली गेली. २२ ऑक्टोबर १८४३ रोजी ती पाण्यात उतरली. मग गोव्यास आणून तिच्यावर डोलकाठ्या आणि दोर चढविले, आणि १८४५ च्या फेब्रुवारीत ती गोव्याहूनच लिस्बनला निघाली. पुढे १९६३ साली आगीत होरपळून ती तेजू नदीच्या चिखलात जवळजवळ तीन दशके पडून होती. पोर्तुगालने तिला उचलले, पुन्हा उभी केली आणि १९९८ च्या प्रदर्शनात मांडली. आज लिस्बनसमोरच्या काठावर ती संग्रहालय म्हणून आहे. पोर्तुगीज नोंदींत तिच्या देशी उस्तादाचे नाव 'यादो सेमोजी' असे येते. नावाचे मूळ रूप काय असेल याचा तर्क वाचकच करू शकतील. आमचे म्हणणे एवढेच, की मराठीत आणि कोंकणीत या जहाजावर एक नीटस पुस्तक येणे अगत्याचे आहे, आणि ते पोर्तुगीज राजवैभवाचे स्मरण म्हणून न लिहिता दमणच्या सुतारकामाचे पुस्तक म्हणून लिहिले जावे. तारवटी लोकांच्या पिढ्यान् पिढ्या ज्या भाषेत बोलल्या तिच्यात तारवाचे पुस्तक नसावे, ही गोष्ट खेदाची आहे.

जेथे माप नाही तेथे कल्पना शिरते, आणि कल्पनेला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो तिने माप म्हणून मिरविण्याला. प्रदर्शनांतून, शाळांतून, समारंभांच्या रंगमंचांवर गुराबेच्या म्हणून ज्या प्रतिकृती मांडलेल्या असतात त्या पाहाव्यात. कोणी यूरोपीय फ्रिगेटवर भगवा लावतो, कोणी भूमध्य समुद्रातील चाचेगिरीच्या जहाजाचे तयार लाकडी संच आणून त्याला कान्होजींचे नाव देतो. पाहणाऱ्या मुलाच्या मनात ते चित्र कायमचे बसते. ज्याने तर्काने नाळ काढली त्याने ती वेगळ्या रंगाच्या लाकडात काढावी, अथवा शेजारी तसे लिहावे. जुन्या मूर्तीचा तुटलेला हात पुन्हा जोडताना संग्रहालयवाले हे करतात. आमच्याकडे तर्काला थेट तेलपाणी करून चकचकीत केले जाते.

तर्क प्रामाणिकपणे कसा करावा याचे उदाहरण सुदैवाने गोव्यातच घडले आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील पाचव्या शतकाच्या जहाजावरून, खिळा न वापरता, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून 'कौंडिण्य' हे सुमारे २० मीटरांचे जहाज बांधले गेले. केरळचे उस्ताद बाबू शंकरन आणि त्यांचे सहकारी यांनी ते शिवले. चित्रावरून जहाज करावयाचे म्हणजे प्रश्नांचा डोंगर. चित्रकाराने बाजू दाखविली, तळ दाखविला नाही. म्हणून आय.आय.टी. मद्रास येथे आधी प्रतिकृती करून ती पाण्यात तपासली गेली. म्हणजे प्रतिकृती ही येथे शोभा नव्हती, पुरावा होती. २०२५ च्या मे महिन्यात ते कारवारला नौदलात दाखल झाले, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये केवळ शिडांवर मस्कतला पोहोचले. याच वाटेवर उलट दिशेने, ओमानमध्ये मलबारच्या लाकडाने शिवलेले 'सोहार' घेऊन टिम सेव्हरिन १९८० साली निघाले होते. त्यांच्या 'द सिंदबाद व्हॉयेज' या पुस्तकाची गोडी अशी की, फळी कोठे गळली आणि शीड कोठे फाटले हे ते झाकून ठेवीत नाहीत. 'कौंडिण्य'चा ग्रंथ लिहिला जाईल तेव्हा आम्ही त्यात प्रथम स्वागतसमारंभांची छायाचित्रे न शोधता हे शोधू, की चित्रात काय होते, काय नव्हते, आणि जे नव्हते ते कशावरून ठरविले. आणि उस्तादांनी कोठे अभ्यासकांचे ऐकले नाही, तेही. तसे प्रसंग घडले नसतील यावर आमचा विश्वास बसणार नाही.

गुराबेसाठी हाच मार्ग मोकळा आहे. एडायने पातमारीला गुराबेच्या धाटणीची म्हटले. पातमारीचे आराखडे पारीने ठेवले आहेत. ऑर्मचा आकडा आहे. अमात्यांचे धोरण आहे. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या युद्धनौका कोरलेल्या आहेत, त्या पाचशे वर्षे आधीच्या असल्या तरी वल्ह्यांच्या ओळीविषयी काही सांगतात. आणि कोकणच्या खाड्यांवर लाकडी होड्या करणारे हात अजून पुरते संपलेले नाहीत. त्यांच्या तोंडचे शब्द — नाळ, पठाण, परबाण — ग्रंथांत आले पाहिजेत, कारण शब्द गेला की त्या लाकडाची जागाही विसरली जाते. कण्याला गोव्यात काय म्हणतात, वेंगुर्ल्यास काय, अलिबागेस काय, अशी कोष्टके कोणी केली तर आम्ही ती याच पानांवर आनंदाने छापू. एका माणसाचे हे काम नाही. इतिहासकार, सुतार आणि हिशेबी डोक्याचा एखादा अभियंता अशा तिघांनी मिळून तीन गुराबा कागदावर काढाव्यात, तिप्पट लांबीची, साडेतीनपट लांबीची आणि चौपट लांबीची, आणि प्रत्येकीची प्रतिकृती पाण्यात सोडून पाहावी. कोणती उथळ खाडीत तरते आणि पुढच्या तोफांचे वजन चोचीवर पेलते, हे पाणीच सांगेल.

प्रकाशकांनाही एक विनंती. आमच्याकडे आराखडा छापावयाचा म्हणजे तो पानाच्या मापात बसेल इतका लहान करतात, दोन पानांवर पसरून त्याचा मध्य शिवणीत घालवितात, आणि खाली 'प्रमाण १:४८' असे जसेच्या तसे राहू देतात. नकाशा निम्मा केला की ते शब्द खोटे होतात. आराखडा घडी घालून स्वतंत्र द्यावा. ते परवडत नसेल तर निदान त्याच्या अंगावर फुटांची एक पट्टी रेखून ठेवावी. नकाशा लहान झाला तर पट्टीही त्याच्याबरोबर लहान होते.